आभाळाचा हिशोब वेगळा, जमिनीचा वेगळा



रोहिणीत एक बरा पाऊस झाला, मृग कोरडा गेला. बाजरी उगवून आली पण पोरकी दिसतेय. कोळपणी एकदा झाली, दुसरी करायची का पावसाची वाट बघायची या विचारात बांधावर बसलो होतो. म्हटलं आज पिकाची नोंद राहू दे, डोक्यात बरेच दिवस घोळतंय ते लिहून काढू.

मागच्या महिन्यात गावात पाण्यावर एक कार्यक्रम झाला. बाहेरून एक पाहुणे बोलायला आले होते. बोलले चांगलं, पण शेवटी म्हणाले, "तुम्ही झाडं तोडली, बांध कोरले, बोअर मारल्या, म्हणून पाऊस तुमच्यावर रुसला." मंडपात सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. माझ्या शेजारी तात्या बसले होते, वय ऐंशीच्या पुढं. ते हळूच म्हणाले, "आरं, भात्तर सालात कुठं हुत्या बोअरी? तवा का रुसला हुता मग?"

मी हसलो, पण घरी आल्यावर झोप लागेना. कारण तात्यांचा प्रश्न बिनतोड आहे. १९७२ साली आमच्या माणदेशात बोअर ही वस्तूच लोकांना ठाऊक नव्हती. उलट त्या दुष्काळानंतर ती यंत्रं गावोगाव फिरायला लागली. मग त्या वर्षीचा पाऊस कुणी पळवला? आणि ज्यांनी मिलो खाल्ली, सुकडीसाठी रांगा लावल्या, उन्हात खडी फोडली, त्यांच्या माथी कुणाचं पाप मारायचं?

दुष्काळ पडला की दोनच बोलणी ऐकू येतात. एक, "नशिबाचा भाग आहे." दुसरं, "तुमचीच कर्मं." दोन्हींत हिशोब नाही. मला हिशोब पाहिजे. किती वाटा आभाळाचा, किती आमचा आणि किती सरकारचा?

असा हिशोब मांडायची एक रीत शास्त्रज्ञांकडे आहे. गेले काही महिने मी त्याबद्दल जमेल तसं वाचतोय. समजलं तेवढं तुम्हाला सांगतो, आणि मग माझं मत सांगतो.

एकच वर्ष पुन्हा पुन्हा पेरायचं

आपण नवीन खत बघतो तेव्हा काय करतो? सगळ्या रानाला टाकत नाही. चार ओळींना टाकतो, चार ओळी तुलनेला तशाच ठेवतो. बी तेच, पाणी तेच, कोळपणी तीच, फरक फक्त खताचा. मग काढणीला कळतं खताचा वाटा किती ते.

दुष्काळाचं असं करता येत नाही. १९७२ साल एकदाच आलं आणि गेलं. ते पुन्हा आणून "आता बोअर नाहीत असं धरू, आता समुद्र थंड आहे असं धरू" हे रानात जमायचं नाही. पण संगणकात जमतं. वातावरणाचं मॉडेल म्हणतात त्याला. पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकोन पाडायचे, एकावर एक थर रचायचे, आणि प्रत्येक चौकोनात वारा, ऊब, बाष्प, दाब कसा बदलेल याचं गणित पदार्थविज्ञानाच्या नियमांनी करत जायचं. काही मिनिटांचा काळ पुढं, मग पुन्हा काही मिनिटांचा, असं करत पन्नास-शंभर वर्षं.

आता यातली गोम बघा. मॉडेलला पाऊस किती पडला हे सांगतच नाहीत. सांगतात फक्त समुद्राच्या पाण्याचं तापमान, कुठल्या महिन्यात कुठं किती होतं ते. ही माहिती जुन्या जहाजांमुळं आपल्याकडं आहे. खलाशी बादली समुद्रात सोडून पाणी वर घ्यायचे, त्यात थर्मामीटर बुडवायचे आणि वहीत लिहायचे. दीडशे वर्षांच्या अशा वह्या.

समुद्र खरा ठेवायचा आणि हवा मोकळी सोडायची. मग एकच काळ अनेक वेळा चालवायचा, दर वेळी सुरुवातीची हवा किंचित वेगळी. प्रत्येक वेळी उत्तर थोडं बदलतं. पण जर सगळ्या खेपांत एकाच वर्षी, एकाच मुलखात पाऊस कमी आला, तर समजायचं की तो वाटा समुद्राचा. ज्यात खेपेखेपेला फरक पडतो, तो भाग हवेच्या लहरीचा. आणि मॉडेलमध्ये मुळीच येत नाही पण प्रत्यक्षात घडलं, तिथं दुसरं काहीतरी शोधायचं, कदाचित माणसाचा हात. अर्थात मॉडेल स्वतःच तिथं चुकत नाही ना, हे आधी तपासून.

याची दोन उदाहरणं मला फार महत्त्वाची वाटली. एक आफ्रिकेतलं, एक अमेरिकेतलं. एका ठिकाणी शेतकरी निर्दोष सुटला, दुसऱ्या ठिकाणी त्याच्यावर अर्धा गुन्हा शाबित झाला.

साहेल: खटला शेळ्यांवर, हात समुद्राचा

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सेनेगलपासून सुदानपर्यंत एक पट्टा आहे, साहेल म्हणतात. बाजरी आणि ज्वारी पिकवणारे आणि गुरं-शेळ्या राखणारे लोक. पावसाळा आपल्यासारखाच तीन-चार महिन्यांचा. १९६० च्या दशकाच्या अखेरीला तिथला पाऊस ओसरायला लागला आणि पुढची वीसेक वर्षं तो सावरलाच नाही. १९७२-७३ आणि १९८३-८४ ही फार वाईट वर्षं. पहिल्या तडाख्यातच लाखभर माणसं गेल्याचे अंदाज आहेत. गुरं किती गेली त्याला गणती नाही.

दोष कुणावर आला? धनगरांवर. जास्त जनावरं चारली, झाडोरा खाल्ला, जमीन उघडी पडली, म्हणून पाऊस गेला. ही नुसती वावडी नव्हती. १९७५ साली ज्यूल चार्नी या नावाजलेल्या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञानं याला शास्त्राचा आधार दिला. उघडी जमीन जास्त ऊन परत फेकते, त्यामुळं वरची हवा थंड होऊन खाली बसते आणि ढग होत नाहीत. त्यानं त्या काळच्या मॉडेलमध्ये जमिनीची ऊन परत फेकण्याची ताकद १४ टक्क्यांवरून ३५ टक्के केली आणि साहेलचा पाऊस खरोखर घटला. विचार चुकीचा नव्हता. पण जमीन एवढी उघडी पडली आहे हे त्यानं धरून चाललं होतं. पुढं उपग्रहांनी बघितलं तेव्हा दिसलं की हिरवळीची कड पावसाबरोबर मागं-पुढं सरकते. पाऊस आला की वाळवंट मागं हटतं. तरीसुद्धा "यांच्या शेळ्यांनी वाळवंट आणलं" हे बोलणं वर्षानुवर्षं टिकलं.

मग १९८६ मध्ये ब्रिटनच्या हवामान खात्याच्या शास्त्रज्ञांनी साहेलचा पाऊस आणि जगभरच्या समुद्रांचं तापमान यांचा मेळ दाखवला. आणि २००३ मध्ये अलेसांड्रा जानिनी आणि तिच्या सहकाऱ्यांनी नासाचं मॉडेल घेऊन वर सांगितला तोच प्रयोग केला. १९३० ते २००० पर्यंतचा खरा समुद्र दिला, बाकी हवा मोकळी. शेळ्या, कुऱ्हाड, नांगर यातलं काहीच बदलून दिलं नव्हतं. तरी मॉडेलच्या साहेलमध्ये १९५० च्या दशकात चांगला पाऊस पडला आणि पुढं तो उतरत गेला, खऱ्यासारखाच. जमीन सुकल्यानं उतार आणखी वाढला हे दिसलं, पण सुरुवात समुद्राची. आणि कुठला समुद्र? त्यात मोठा हात निघाला विषुववृत्ताजवळ तापत गेलेल्या हिंदी महासागराचा. आपल्याच समुद्राचा.

पुढच्या काही अभ्यासांनी आणखी एक धागा जोडला. युरोप-अमेरिकेच्या कारखान्यांच्या धुराड्यांतून गंधकाचे बारीक कण हवेत गेले, त्यांनी ऊन अडवून उत्तर अटलांटिक थोडा थंड ठेवला, आणि त्यानंही साहेलचा पाऊस दक्षिणेला ढकलला असावा. यावर अजून वाद आहेत. पण बघा, बोट शेळीवरून निघालं आणि धुराड्यापर्यंत गेलं. ज्या धनगराला आपल्या दारात येऊन शिकवलं जात होतं, त्याची गुरं मेली होती, आणि कारण हजारो कोस लांब होतं.

हे वाचल्यावर मला आमचा मंडप आठवला. माना खाली घातलेला.

अमेरिका: समुद्रानं काडी लावली, नांगरानं तेल ओतलं

आता दुसरी बाजू. ती वाचली आणि माझा फुगा फुटला.

अमेरिकेच्या मध्यभागी मोठी गवताळ मैदानं आहेत. कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सासचा वरचा भाग, कोलोराडो. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला. ट्रॅक्टर आले. हजारो वर्षांचं गवत नांगरून लोकांनी गहू पेरला. १९३० च्या दशकात पाऊस दडी मारून बसला, गहू वाळला, रानं उघडी पडली आणि माती उडायला लागली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी धुळीची अशी काळी भिंत आली की भर दिवसा अंधार झाला. लाखो लोक गाव सोडून गेले.

२००४ साली नासाच्या सीगफ्रीड शुबर्ट आणि सहकाऱ्यांनी त्याच जातीच्या मॉडेलवर विसाव्या शतकाचा समुद्र चालवून बघितला. १९३० च्या दशकात मॉडेलच्या मैदानांवरही पाऊस कमी आला. पॅसिफिक नेहमीपेक्षा जरा थंड आणि अटलांटिक जरा गरम, फरक एका अंशापेक्षाही कमी, पण तेवढ्यानं वाऱ्याच्या वाटा बदलल्या. म्हणजे इथंही सुरुवात समुद्राची.

पण हिशोब पूर्ण जुळेना. २००९ मध्ये बेन कुक, रॉन मिलर आणि रिचर्ड सीगर यांनी दुसऱ्या मॉडेलवर नुसता समुद्र चालवला, तर दुष्काळ आला पण तो दक्षिणेकडं, मेक्सिकोच्या बाजूला जास्त बसला. प्रत्यक्षात तो मैदानांच्या मधोमध होता. मग त्यांनी मॉडेलला दोन गोष्टी सांगितल्या. पीक वाळून रान उघडं पडलं, आणि तिथून एवढी धूळ उडाली. त्याबरोबर दुष्काळ वर सरकला, तीव्र झाला, खऱ्यासारखा दिसायला लागला. हवेतली धूळ ऊन अडवते, खाली ऊब कमी पोचते, जमिनीतून वाफ कमी निघते, ढग कमी होतात. म्हणजे त्या शेतकऱ्यांच्या नांगरटीनं नुसती माती गेली नाही, पाऊससुद्धा आणखी घटला.

शेतकरी वाईट नव्हते. भाव होता, कर्ज होतं, यंत्र होतं, सगळे करत होते तेच त्यांनी केलं. पण वाटा त्यांचा होता. आणि तो मान्य केल्यावर उपायही झाले. १९३५ सालीच तिथं मृदसंधारणाचा कायदा झाला, स्वतंत्र खातं झालं, समपातळीवर नांगरट, गवताचे पट्टे, वाऱ्याला आडवी झाडं हे सगळं त्यातून सुरू झालं. समुद्राला कायदा लागू होत नाही. मातीला होतो.

आणि आपलं घर

आता आपल्याकडं येऊ. १८७६ ते ७८ चा दुष्काळ. आमच्या सातारा-सोलापूर भागात जुन्या माणसांच्या बोलण्यात त्याची आठवण पुसट झालीय, पण दख्खनच्या इतिहासात त्याच्याइतका वाईट काळ थोडाच. देशात ५० लाखांहून जास्त माणसं गेली असं मानतात. तेव्हा बोअर नव्हती, ट्रॅक्टर नव्हता, ऊस नव्हता म्हटलं तरी चालेल.

२०१८ साली दीप्ती सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुष्काळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या पर्जन्यमापकांच्या नोंदी, झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून काढलेला ओलावा, जहाजांवरचं समुद्राचं तापमान आणि मॉडेल, हे सगळं जोडून. निघालं असं की १८७७-७८ चा एल निनो फार जबर होता, त्याच वेळी हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा भाग गरम आणि पूर्वेकडचा थंड होता, आणि पुढं उत्तर अटलांटिकही तापला. तीन समुद्र एकदम फिरले. म्हणून भारत, चीन, ब्राझील, आफ्रिका अशा लांब लांबच्या मुलखांत एकाच काळात पीक बुडालं.

म्हणजे पाऊस समुद्रानं नेला. पण माणसं समुद्रानं मारली का? नाही. तेव्हाही देशातून धान्य बाहेर जात होतं. दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी रिचर्ड टेंपल साहेबानं कमी करून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर आणली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. त्यावर माती-दगडाची कामं करायची. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं याविरुद्ध सरकारकडं अर्जावर अर्ज केले. १९७२ लाही एल निनो होता, पाऊस तसाच गेला, हाल झाले. पण गावोगाव कामं निघाली, पाझर तलाव, नाला बांध, रस्ते. उपासमारीनं माणसं तशी पटापट मेली नाहीत, आणि त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला. समुद्राचा तडाखा दोन्ही वेळी होता. फरक सरकारनं काय केलं याचा.

मॉडेल म्हणजे देव नव्हे

कुणी म्हणेल, संगणकावर एवढा विश्वास? नाही. आपल्या मान्सूनपुढं ही मॉडेलं बऱ्याचदा हात टेकतात. पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी सहकारी सजनी यांच्याबरोबर १९९८ साली जगातल्या तीसेक मॉडेलांचा १९७९ ते १९८८ या दहा वर्षांचा पाऊस तपासला होता. काही मॉडेलांत पावसाचा पट्टा उन्हाळा संपता संपता जमिनीवर चढायच्या ऐवजी समुद्रावरच रेंगाळत होता. आणखी एक अडचण अशी की आपल्याकडं समुद्र नुसता हुकूम देत नाही, ऐकतोही. ढग आले की पाण्यावरचं ऊन अडतं, वारा सुटला की पाणी घुसळतं, समुद्र गार होतो. प्रयोगात मात्र समुद्राचं तापमान बाहेरून बांधून दिलेलं असतं, हवेचं त्याच्यापुढं चालत नाही. साहेलला हा प्रयोग चांगला लागू पडला, आपल्याकडं तो जपून वाचावा लागतो.

आणि मोठ्या चौकोनांच्या मॉडेलला माझं साडेचार एकर दिसत नाही. मृगात माझ्या वावरात पडेल का हे ते सांगणार नाही. त्याचं काम वेगळं. झालेल्या गोष्टीत कुणाचा वाटा किती, हे निदान ढोबळमानानं वेगळं करून दाखवणं.

माझं म्हणणं

एक. पाऊस कमी झाला की तो आमच्या पापानं, हे बोलणं आता बंद झालं पाहिजे. मोठ्या दुष्काळांच्या मागं बहुतेक वेळा समुद्र असतो, आणि समुद्र माणदेशच्या बोअरीनं गरम होत नाही. शेतकऱ्याला शरमिंदा करून पाणी वाढत नाही. शरमेनं मान खाली घातलेला माणूस प्रश्न विचारत नाही, एवढंच होतं. टँकर उशिरा का आला, चारा छावणी का नाही निघाली, पीकविम्याचं काय झालं, हे सगळं "तुमचीच कर्मं" या एका वाक्याखाली गाडलं जातं.

दोन. पण समुद्राच्या आड आम्हीही लपायचं नाही. पाऊस वेगळा, पाणी वेगळं. पाऊस समुद्राच्या हातात आहे, पडलेला पाऊस आमच्या हातात आहे. मी कबूल करतो. चार वर्षांपूर्वी वरच्या पट्टीत ट्रॅक्टर सरळ फिरावा म्हणून मधला बांध मीच काढला आणि नांगरट उताराच्या दिशेनं केली. त्या वर्षी परतीचा एकच पाऊस जोरात आला आणि वीतभर माती खालच्या ओढ्यात गेली. ती माती एल निनोनं नेली नाही, मी घालवली. चार बोअर मारल्या, दोन कोरड्या गेल्या, राहिलेल्या दोन्हींनी माझ्याच जुन्या विहिरीचं पाणी ओढलं. हाही हिशोब माझाच. यंदा बांध पुन्हा घातला आहे आणि पेरणी आडवी केली आहे.

तीन. वही ठेवा. १८७७ चा समुद्र आज संगणकात उभा राहतो तो कुणीतरी रोज बादली सोडून आकडा लिहिला म्हणून. आता तर जुन्या काळचा हवेचा दाब एवढ्याच नोंदीवरून १८३६ पासूनचं रोजचं हवामान मॉडेलमध्ये पुन्हा बांधलं गेलंय, ऐंशी वेगवेगळ्या प्रतींत. त्यासाठी लोकांनी जहाजांच्या पिवळ्या पडलेल्या वह्या घरी बसून संगणकात उतरवल्या. लिहिणाऱ्या खलाशाला काय माहीत होतं, शे-दीडशे वर्षांनी त्याच्या आकड्यानं आपला दुष्काळ समजेल म्हणून?

मी सहा वर्षांपासून घराच्या माळवदावर पर्जन्यमापक ठेवलाय. सकाळी साडेआठला बघतो, मिलिमीटर लिहितो. शून्य असलं तरी शून्य लिहितो, कारण न लिहिलेला दिवस आणि कोरडा दिवस यात फरक आहे. मंडळाचं पर्जन्यमापक आमच्यापासून अकरा किलोमीटरवर आहे. तिथं पडलेला पाऊस आमच्याकडं पडला असंच कागदोपत्री धरलं जातं. भांडायचं झालं तर हातात काहीतरी पाहिजे.

पुढच्या कार्यक्रमाला ते पाहुणे पुन्हा आले तर उभा राहून एवढंच विचारणार आहे. साहेब, बांध मी कोरला, मान्य. त्याची शिक्षा सांगा, भोगतो. पण १९७२ चा पाऊस कुणी नेला, ते आधी या तात्यांना सांगा.

आजची नोंद: सकाळी साडेआठ, पाऊस ०. ढग पश्चिमेला, वारा जोरात. बाजरी दुपारी पानं वळवतेय, संध्याकाळी सावरतेय. दुसरी कोळपणी उद्या करतोय. पाऊस नसला तरी भेगा बुजतात आणि असलेली ओल चार दिवस जास्त टिकते.

तुमच्याकडं कुणी पावसाची वही ठेवत असेल तर किती वर्षांची आहे ते कळवा. आजोबांची जुनी वही सापडली तर रद्दीत घालू नका.

राम राम.